डबल बेल

पूल सुरू झाला त्या दिवशी निम्म्या गावाने माझं अभिनंदन केलं. समुद्राकाठच्या वाटेच्या तोंडाशीच माझं सायकलचं दुकान आहे. भाड्याने देते, दुरुस्तही करते, वरच्या मजल्यावर राहते. आजवर ही वाट खाडीपाशी संपायची. आता पुलावरून ती पलीकडच्या वाटेला मिळाली आणि पुढची चार गावं ओलांडून कुठल्या कुठे जाते.

"तुझी तर आता चांदीच!" शेजारची औषधवाली म्हणाली.

मी दात दाखवले. माझी काळजी वेगळीच होती, पण हार घालून घेणाऱ्या माणसांच्या गर्दीत ती कुणाला सांगणार?

माझे बाबा त्या वाटेवर रोज एकटे फिरायचे. मी त्यांची मुलगी आहे हे त्यांना अधूनमधून आठवतं, एरवी मी डेपोतली कुणी मॅडम असते. जन्मभर त्यांनी बस चालवली. आईचं नाव गेलं, घराचा पत्ता गेला, पण ड्युटी काही डोक्यातून गेली नाही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, वरचं बटण लावायचं आणि निघायचं. खाडीपाशी लोखंडी कठडा होता. तिथे हात टेकायचा, घटकाभर बसायचं आणि परत फिरायचं. शेवटचा थांबा आला की गाडी वळवायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंपण, समोर कठडा. हरवायला जागाच नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "चालतात तोवर चालू द्या. बसले की संपलं."

वाट चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची, दोघांची. मधे एक पांढरी रेघ आहे, ती फक्त रंगवणाऱ्याने पाळली असेल. सायकलवाले चालणाऱ्यांवर खेकसतात, चालणारे त्यांच्या नावाने बोटं मोडतात आणि कुत्री फिरवणारे दोघांनाही दोरीत अडकवतात. बाबांचं मात्र कुणाशी वाजायचं नाही. अट एकच होती. मागून घंटी एकदा वाजली की ते जागच्या जागी थांबायचे, उतारू उतरेपर्यंत. दोनदा वाजली की निघायचे. कंडक्टरची डबल बेलच ती! एकदाच घंटी वाजवणारा त्यांच्या पाठीवर जाऊन आपटायच्या बेतात यायचा. म्हणून सायकल देताना मी प्रत्येकाला बजावायचे, "वाटेत इस्त्रीच्या शर्टातले आजोबा दिसतील. त्यांच्यासाठी दोनदा वाजवा." लोकांना मौज वाटायची. रोजची मंडळी तर मुद्दाम वाजवायची आणि बाबा मागे न बघता हात वर करायचे. अख्ख्या गावात त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारी ती एवढीच माणसं होती.

पुलाचं काम संपत आलं तेव्हा मी इंजिनिअरला गाठलं. म्हटलं, पुलाच्या तोंडाशी एक फाटक लावा, उघडबंद होणारं.

"ताई, तिथून चाकाच्या खुर्च्या जाणार, बाळांच्या गाड्या जाणार. अडथळा नको म्हणून तर एवढा खटाटोप केला," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याचंही बरोबरच होतं. बरोबर असलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत.

मग मीच पुलाच्या अलीकडे एक बाक टाकला आणि 'शेवटचा थांबा' अशी पाटी ठोकली. आठवडाभर चाललं. बाबा तिथे पोचायचे, पाटी वाचायचे, पुढचा मोकळा पूल बघायचे आणि घोटाळत उभे राहायचे. मग निमूट परत यायचे. मला वाटलं, जमलं बाई.

एक दिवस ते वेळेवर आले नाहीत. मी दारातच उभी होते, तेवढ्यात सकाळी सायकल नेलेलं एक जोडपं परत आलं. बाई कौतुकाने म्हणाली, "तुमचे ते इस्त्रीच्या शर्टातले आजोबा भेटले हो! पुलापाशी वाट अडवून उभे होते बिचारे. तुम्ही सांगितलं होतं तशी मी दोनदा घंटी वाजवली. काय ऐटीत निघाले पुलावरून!"

मी तिच्यावर ओरडलेसुद्धा नाही. तिने माझंच ऐकलं होतं.

मी सायकल हाणत पलीकडे गेले. दिसेल त्याला विचारत सुटले. "गेले की," लोक सांगायचे, "मजेत चालले होते." पांढऱ्या केसांच्या माणसाला कोण कशाला अडवेल? दिवस मावळता मावळता एका मासेवालीने त्यांना धरून बसवलं होतं, तिथे ते सापडले. बुटांत रक्त झालं होतं. मला बघून धडपडत उभे राहिले.

"मॅडम, गाडी लेट झाली. पण थांबाच येईना हो."

पायांच्या जखमा भरल्या तशी मी स्वतः त्यांच्याबरोबर जाऊन पाहिलं. पुलाच्या मध्यावर त्यांना वळवायला गेले, तर ते हात झटकून ओरडायला लागले. "चालत्या गाडीत ड्रायव्हरच्या हाताला धरतेस?" सायकली थांबल्या, माणसं जमली. कुणी तरी मलाच म्हणालं, "म्हाताऱ्या माणसाशी असं वागतात का?" पुन्हा काही मी तो प्रयोग केला नाही. दुकान बंद ठेवून खायचं काय? त्यांना सांभाळायला ठेवलेला माणूसही तिसऱ्या दिवशी हात जोडून गेला.

शेवटी मी वरच्या दाराला बाहेरून कडी घातली.

पहिले काही दिवस त्यांनी दार बडवलं, मला नाही नाही ते बोलले. ते बरं होतं. मग गप्प झाले. रोज शर्ट घालतात, बटण लावतात आणि दारासमोर खुर्चीवर बसतात. पाय बारीक होत चाललेत. खाली धंदा जोरात आहे. दिवसभर घंट्या वाजतात. दोनदा वाजली की ते उठतात, दारापर्यंत येतात.

परवा चहा द्यायला गेले, तर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, मला गाडीवरून उतरवलंय ना?"

"नाही हो बाबा. सुट्टी आहे आज."

"एवढी सुट्टी नसते. अपघात झाला की घरी बसवतात." त्यांनी कप खाली ठेवला. "कोण गेलं माझ्या हातून? लहान मूल होतं का?"

मी नाही म्हटलं, शपथ घेतली, त्यांना जवळ घेतलं. ते लपवाछपवी ओळखल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. माझं नाव त्यांच्या डोक्यात टिकत नाही, जेवण झालेलं टिकत नाही. ते मूल मात्र टिकलं. दुसऱ्या दिवशी तेच, आजही तेच. नाही म्हटलं की जास्तच रडतात.

आज मी थकले. "त्याच्या आईला कळवलं का?" त्यांनी विचारलं, आणि मी म्हणाले, "हो, कळवलं."

त्यांनी डोळे पुसले. शर्ट नीट केला. कितीतरी दिवसांनी ते ताठ उभे राहिले.

"मग मला जायला हवं तिच्याकडे. पाया पडतो मॅडम, दार उघडा."

मी बाहेर आले आणि कडी घातली.