काडीचा फोन, बटणांचा फोन

हर्षाली डेर्ले सायखेड्याहून रोज सकाळी स्कूटीवर पिंपळगावला यायची, तेव्हा तिच्या पर्समध्ये डब्याआधी एक फोन असायचा. डबा विसरला तर कुणीतरी चार घास देईलच, फोन विसरून चालणार नव्हतं. पडद्यावर काडीनं टोचून चालवायचा, विंडोज मोबाईलवाला फोन होता तो. पॅकहाऊसच्या मालकांनी, रंगनाथआप्पांनी, तिला नमुन्यादाखल घेऊन दिलेला. त्यावर तिनं आठ महिने बसून एक प्रोग्राम लिहिला होता. शिकवायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही, पुस्तकं नाशिकला जाऊन झेरॉक्स करून आणलेली. एमसीए झाल्यावर तिच्या वर्गातली निम्मी पोरं नोकरीला पुण्याला गेली आणि ही द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कंप्युटरवर बसली, म्हणून नातेवाइकांनी तिची कीव केली होती. त्या सगळ्यांना ती हा फोन दाखवणार होती. त्याची ती वाटच बघत होती म्हणा ना.

गोष्ट दोन हजार आठ सालच्या फेब्रुवारीतली. त्या वर्षी परदेशातल्या गिऱ्हाइकानं नवं खूळ काढलं होतं. बागेतल्या प्रत्येक ओळीत एक नंबरचे घड किती, दोन नंबरचे किती आणि लोकल बाजाराचे किती, हे घड तोडतानाच नोंदवलेलं त्यांना हवं होतं. चिठ्ठ्यांवर लिहून पाहिलं, तर चिठ्ठ्या दवात भिजल्या आणि शाई पसरली. तेव्हा आप्पांनी ठरवलं की तोडणीच्या बायकांना फोनच द्यायचे. पण कुठले द्यायचे, यावर पॅकहाऊसमध्ये दोन तट पडले. एकीकडे हर्षालीचा काडीचा विंडोजवाला. दुसरीकडे शेखर नावाच्या एका विक्रेत्यानं पुण्याहून आणलेला, सिम्बियन नावाच्या वेगळ्याच सिस्टिमवर चालणारा, बटणांचा, त्यावर त्याच्या कंपनीचा तयार प्रोग्राम. शेखर माणूस वाईट नव्हता. फक्त तो बोलायला लागला की समोरच्याला आपण काल जन्मलो असं वाटायचं.

आप्पा जुन्या वळणाचे. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले की माझ्या टेबलावर दोन्ही फोन छानच चालतात, पण द्राक्षं काही माझ्या टेबलावर पिकत नाहीत. बागेत तीन दिवस चालवून बघा. जो टिकेल त्याचे तीस नग घेऊ आणि पुढची पाच वर्षं तोच चालेल. हरेल त्याचं काम गुंडाळायचं. हर्षालीचे आठ महिने या तीन दिवसांवर येऊन टेकले.

चाचणी होणार होती ती फुलाबाईच्या टोळीवर. फुलाबाई मूळची पेठकडची. डोंगरातला भात निघाला की दरवर्षी आपली तीसजणींची टोळी घेऊन खाली उतरायची ती थेट द्राक्षं संपेपर्यंत. पंधरा वर्षं निफाड तालुक्यात राबून तिची बोलीही इकडचीच झाली होती. निर्यातीच्या तोडणीत तिच्या टोळीला तोड नव्हती, आणि त्याला कारण होतं. पिकलेल्या मण्यावर पिठासारखं एक पांढुरकं पूट असतं. मणी ताजा असल्याची तीच खूण. बोट लागलं की पूट पुसतं, तिथे काळा ठसा उमटतो, आणि तो घड मग कितीही गोड असो, बोटीत चढत नाही. म्हणून घड धरायचा तो फक्त देठाला, डाव्या हाताच्या दोन बोटांत. उजव्या हातात कात्री. मण्याला स्पर्श म्हणून करायचा नाही. पंधरा वर्षांत फुलाबाईच्या एकाही क्रेटला ठसा लागला नव्हता, आणि हे ती स्वतः कधी सांगत नसे. दुसऱ्यांनी सांगितलेलं ऐकत मात्र शांतपणे उभी राहायची.

पाच बायांना काडीचे फोन दिले, पाचजणींना बटणांचे. काडीवाल्या पाचांत फुलाबाई स्वतः होती. हर्षालीनं पडद्यावर तीन मोठे चौकोन केले होते, हिरवा, पिवळा, तांबडा. अक्षर वाचायची गरजच नाही. तासाभरात बाया शिकल्या. शेखरच्या फोनवर मात्र सगळं इंग्रजीत, आणि फोन कमरेच्या पिशवीत ठेवला की क्रेट उचलताना बटणं आपोआप दाबली जायची. संध्याकाळी हिशेब लागला तेव्हा शेखरच्या फोनांनी बागेत होते त्याहून दोनशे घड जास्त मोजले होते. आप्पा त्याला म्हणाले, तुमच्या फोननं आमची बाग वाढवली, आभारी आहे. हर्षाली त्या रात्री घरी दोन भाकरी जास्त जेवली.

त्याच दिवशी दुपारी फुलाबाई तिच्याजवळ येऊन काहीतरी म्हणाली होती. "म्याडम, ह्यो फोन चांगला हाय, पन हात कमी पडतो." हर्षालीची नजर तेव्हा पडद्यावर होती. आकडे एकेक करून वाढताना बघायला तिला फार आवडायचं. सवय होईल मावशी, असं ती हसून म्हणाली आणि पुढच्या ओळीत गेली. फुलाबाईनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. एकदा सांगून ज्याला कळत नाही त्याच्यामागे लागायचं नाही, असा तिचा स्वभावच होता.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निकाल उघड होता. हर्षालीच्या नोंदी आणि प्रत्यक्ष घड यांत शंभरात एकाचाही फरक नव्हता. शेखरनं त्याच्या प्रोग्रामची दुरुस्ती केली तरी त्याचा आकडा जुळेना. चारच्या चहाला आप्पा जाहीर करणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि हर्षालीनं काय बोलायचं तेही मनात पक्कं केलं होतं. फार नम्रपणे बोलायचं, पण फारही नम्र नाही.

चहाच्या आधी निवडणीच्या टेबलावरून ओरड आली. तीन दिवसांचा माल थंड खोलीतून काढून पेट्यांत भरायला घेतला होता, आणि त्यातले चाळीस क्रेट ठशांचे निघाले. घडाघडावर काळे डाग. आप्पांनी एक घड दिव्याखाली धरला, खाली ठेवला, दुसरा धरला. मग त्यांनी फुलाबाईला आत बोलावलं. चाळीस क्रेट लोकल बाजाराला जाणार याचा राग होताच, पण विश्वासाच्या माणसाकडून झालं याचा जास्त होता. सगळ्यांसमोर ते तिला बोलले. वय झालं म्हणाले, टोळीवर लक्ष राहिलं नाही म्हणाले, पुढल्या वर्षी दुसरी टोळी बघावी लागेल असंही म्हणाले. फुलाबाई पदर खांद्यावर घट्ट ओढून उभी होती. बोलणं संपल्यावर वळली आणि परत बागेत गेली, कारण ओळ अर्धी राहिली होती.

हर्षालीनं सवयीनं क्रेटचे नंबर आपल्या फोनवर टाकून पाहिले. कुठल्या ओळीतले ते बघायला, बाकी काही नाही. पडद्यावर ओळी आल्या. चाळीसच्या चाळीस क्रेट तिच्या पाच फोनांच्या ओळींतले होते. शेखरच्या ओळींतला एकही नव्हता. तिच्या प्रोग्रामनं नोंद इतकी चोख ठेवली होती की शंकेला जागा राहिली नाही.

हे फक्त तिलाच माहीत होतं. फोन बंद करून पर्समध्ये टाकला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पाच मिनिटं ती तशीच बसून राहिली, आणि त्या पाच मिनिटांत तिनं काय काय विचार केला ते तिला नंतरही आठवायला आवडायचं नाही. मग उठून ती बागेत गेली.

फुलाबाई मांडवाखाली घड तोडत होती. हर्षाली शेजारी उभी राहिली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं पडद्याकडे न बघता हातांकडे पाहिलं. डाव्या हातात देठ. उजव्यात कात्री. घड तोडला. आता नोंद करायची, तर फोन हातात घ्यायला हवा आणि काडी दुसऱ्या हातात. शिवाय मांडवातून येणाऱ्या उन्हाच्या कवडशात पडदा दिसेना, म्हणून त्यावर आडोसा धरायला हवा. फुलाबाईनं कात्री दातांत धरली आणि घड डाव्या दंडाशी टेकवला. काडीनं हिरवा चौकोन टोचला. दंडावरून घड उचलला तेव्हा पाच मण्यांचं पूट गेलं होतं. शेजारच्या ओळीतली बाई बटणांचा फोन कमरेला लावून, कात्री न सोडता, नुसत्या अंगठ्यानं चाचपून बटण दाबत होती. तिचा घड देठावर तसाच लोंबत होता.

"मावशी, तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं का नाही?" हर्षालीनं विचारलं.

"सांगितलं व्हतं पयल्या दिवशी," फुलाबाई म्हणाली. "तू ऐकलं नाय. आनि मालक बोलत असताना फोनचं नाव घेतलं तर लोक म्हनतील, म्हातारी आपली चूक पोरीवर ढकलते. मला ते नको."

हर्षालीला लाज वाटली ती फोनची नव्हे, हसून पुढे गेली होती त्याची.

चारच्या चहाला आप्पा, शेखर आणि निवडणीच्या बाया जमल्या होत्या. आप्पांनी कप खाली ठेवून बोलायला सुरुवात केली, तशी हर्षाली मध्येच उठली. आप्पांचं बोलणं मध्ये तोडायची पद्धत त्या पॅकहाऊसमध्ये नव्हती.

"आप्पा, ठसे फुलामावशींच्या टोळीनं पाडले नाहीत. माझ्या फोननं पाडले. तो चालवायला दोन हात लागतात, आणि त्यांचा एक हात देठाला असतो. हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

ओळींची यादी तिनं त्यांच्यापुढे ठेवली. आप्पांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. म्हणजे तुझा फोन बाद, असं त्यांनी विचारलं. बाद, ती म्हणाली. आप्पा उठले, बागेत गेले आणि फुलाबाईशी बोलून आले. काय बोलले ते कुणी ऐकलं नाही. लांबून पाहणाऱ्यांना एवढंच दिसलं की मालकानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

फोन बटणांचेच घ्यायचे ठरले. शेखरनं लगेच करारपत्र काढलं. पण फुलाबाई आप्पांच्या मागोमाग आली होती. ती दारातच उभी राहून म्हणाली की फोन बटणांचा घ्या, पण आतलं काम या पोरीला करू द्या. साहेबाच्या फोनात आकडे चुकतात, त्याला तीन दिवस झाले. साहेबानं फोन पाहिला, आमचे हात काही पाहिले नाहीत. हिनं उशिरा का होईना, पाहिले. शेखरचं तोंड जरा उतरलं, पण त्यानं वाद घातला नाही. मी फोन देतो, प्रोग्राम तुमचा तुम्ही बघा, म्हणाला. आप्पांनी हर्षालीला तीन आठवडे दिले. म्हणजे ज्या कामाला आठ महिने लागले ते, तिला न येणाऱ्या सिस्टिमवर, एकवीस दिवसांत.

दुसरी कुणी असती तर घाईघाईनं कंप्युटरपुढे बसली असती. हर्षाली पहिले सहा दिवस बसलीच नाही. पहाटे सायखेड्याहून निघून सहाला मांडवाखाली हजर व्हायची, डाव्या हातात देठ, उजव्या हातात कात्री. पहिल्या दिवशी तिच्या घडांवर तिचीच पाची बोटं उठली होती, आणि फुलाबाईनं ते सगळे घड बाजूला काढून मजुरांच्या पोरांना वाटून टाकले. दुसऱ्या दिवशी वर बघून बघून तिची मान आखडली. तिसऱ्या दिवशी कमरेचा फोन क्रेटच्या कडेला घासला आणि बटण आपोआप दाबलं गेलं, तेव्हा शेखरचे आकडे का चुकत होते ते तिला अंगानं कळलं. मधल्या पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा असतो. तो अंगठ्याला न बघता सापडतो. आधी पाच, मग एक, दोन किंवा तीन, असं केलं तर क्रेटच्या धक्क्यानं नोंद होणार नाही. आणि नोंद झाली की फोनानं कमरेवरच थरथरायचं, एक नंबरला एकदा, दोनला दोनदा. बघायची गरजच नाही. हे तिनं ओळीत उभं राहून, हातात देठ असतानाच ठरवलं. चौकोनांपेक्षा हे फारच साधं होतं, आणि पुढे तेच चाललं.

सहाव्या दिवशी दुपारी फुलाबाईनं तिचा क्रेट तपासायला घेतला. एकेक घड देठाला धरून उजेडात फिरवला. सतरा घड होते. सतराही तिनं जसेच्या तसे परत ठेवले आणि क्रेट निर्यातीच्या रांगेत सरकवला.

मग हजेरी घ्यायला भिमाजी मुकादम आला. टोळीची तीस नावं वाचून त्यानं वही मिटली, तेव्हा फुलाबाई म्हणाली, "अजून एक नाव राह्यलं."

भिमाजी म्हणाला की ती तर हाफिसातली, तिची हजेरी तिकडं लागते.

"तिकडं लागू दे. हितं बी लाव," फुलाबाई म्हणाली. "तिचा क्रेट बघ आनि मंग मला सांग, कुनाच्या टोळीतली हाय."

भिमाजीनं खरंच वाकून क्रेट पाहिला. मग वही उघडून त्यानं एकतिसावं नाव लिहिलं, हर्षाली डेर्ले. हर्षालीनं ते उलट्या बाजूनं वाचलं. एमसीएच्या निकालात आपलं नाव दिसलं होतं तेव्हा तिला आनंद झाला होता. आज मात्र अभिमान वाटला, आणि तो तिनं लपवलाही नाही.