ॲसिडचा निळा कॅन

मित्रांनो, मी एक जुना निळा कॅन आहे. लोकर रंगवण्याच्या कारखान्यात, भट्टीपासून लांब, भिंतीच्या कडेला उभा असतो. खरं तर तोंड लपवून उभा असतो म्हणा ना!

नवा होतो तेव्हा माझा तोरा काय सांगू! माझ्या पोटात ॲसिटिक ॲसिड असतं. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचा आंबटपणा याचाच, पण तिथे ते नावापुरतं आणि बाकी सगळं पाणी. माझ्याकडे मात्र निव्वळ ॲसिड. गोंदाला, औषधांना, कापडाला, सगळ्यांना ते लागतं. आमच्याकडे ते रंगाच्या पाण्यात पडलं की रंग लोकरीला घट्ट धरून बसतो. कडक थंडीत ते गोठून बर्फासारखं होतं. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते आणि विस्तव जवळ आला तर पेटतेसुद्धा. म्हणून सगळे मला बिचकून असत, आणि मला ते आवडायचं.

बिचकत नसत ते फक्त आमचे रंगारी मास्तर. हंड्यावर वाकून नुसता वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं घाल." त्यांच्या नाकापुढे कुणाचं काही चालत नसे. रंग जुळवायची त्यांची सून. तिचा तर त्या नाकावर डोळे मिटून विश्वास.

एका सकाळी मास्तरांनी माझ्यातलं ॲसिड बादलीत काढलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली आणि ते बादली तशीच ठेवून गेले, विसरूनही गेले. परत आले तर सून रंगाने माखलेले हात घेऊन बादलीपाशी उभी.

"बाबा, हे पाणीच आहे ना? सर्दीने माझं नाक पार चोंदलंय."

मास्तरांनी लांबूनच हुंगलं. "पाणीच आहे गं. धू हात."

तिने दोन्ही हात आत घातले. पुढची किंकाळी माझ्या अजून कानात आहे. माझ्या अंगावर धोक्याची खूण होती, बादलीवर काहीच नव्हतं. आणि मी मेला नुसता बघत उभा! माझ्याच पोटातलं ते. शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तरांनी तिला ओढत नळाखाली नेलं. वाहत्या पाण्यात तिचे हात धरून ते रडायला लागले. "मला वासच येत नाही गं. कित्येक महिने झाले. सांगायची लाज वाटली."

"मग नुसतं 'माहीत नाही' म्हणायचं होतंत ना, बाबा!" ती कळवळून म्हणाली.

मित्रांनो, ॲसिड ज्या भांड्यात काढाल त्यावर आधी नाव लिहा. हातमोजे, चष्मा घाला. ॲसिड नेहमी पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नको. आणि एखादी गोष्ट कळत नसेल, तर तसं सांगायला लाजू नका.

मास्तर आता रोज सगळ्यांदेखत, मान खाली घालून म्हणतात, "सूनबाई, तू बघ. मला कळत नाही." ती येते, बघते, सांगते. पण तिची मूठ आता पुरती मिटत नाही.