एकदाच विचारतात

घरात तिला सगळे चिक्कू म्हणत, आणि हे नाव तिनं लहानपणीच इमानेइतबारे कमावलं होतं. साबणाचा उरलेला पापुद्रा नव्या वडीला चिकटवून वापरणारी पोरगी ती. तिला परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली तेव्हा काकांनी पैजच लावली. काकांच्या हार्डवेअरच्या दुकानावर एक खोली रिकामी होती. ती एक शिंपीही मागत होता आणि चिक्कूलाही हवी होती, स्वतःचा इंग्रजीचा क्लास काढायला. काका म्हणाले, पुतणी असलीस तरी व्यवहार तो व्यवहार. वर्षभरात डिपॉझिट जमव, खोली तुझी. नाही जमलं तर शिंपी वर जाईल आणि तू खाली काउंटरवर खिळे तोलत बसशील.

आता खिळे तोलायची धास्ती माणसाकडून काय काय करवून घेते बघा. बस समोरून जायची आणि ही बाई शाळेपर्यंत पायी. एकच टी-बॅग दोनदा उकळायची आणि तिसऱ्यांदा पाहुण्यांसाठी वाळवून ठेवायची. पाहुणे कोणी येत नसत ही देवाचीच कृपा. खोलीत हीटर लावायला नको म्हणून रात्री शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसायची, वॉचमन किल्ल्या वाजवून वैतागेपर्यंत. केसही स्वतःच कापले. डावी बाजू जरा जास्तच वर गेली, तर तिच्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या नर्सबाईंना ती नवी फॅशन वाटली आणि आठवड्याभरात त्याही तशाच कापून आल्या. चिक्कूनं त्यांचं तोंडभरून कौतुक केलं, दुसरं काय करणार?

हाल झाले ते फक्त पोटाचे. संध्याकाळच्या वर्गाला मोठी माणसं येत, त्यात पहिल्या बाकावर एक बेकरीवाला होता. पन्नाशीचा, धिप्पाड, क्रियापदाला हटकून अडखळणारा. घरी जाताना चिक्कूला त्याच्याच दुकानावरून जावं लागे, आणि तो रोज भट्टीतून काढलेला गरम पाव पुढे करी. पैसे नकोत म्हणे. वासानंच तिच्या पोटातले कावळे रांगेत उभे राहत. आणि ही काय म्हणायची, तर नको, नको, कशाला उगाच.

आपल्याकडे पहिलं नको म्हणजे नुसती सुरुवात. दुसरं नको म्हणजे ताट जरा इकडे सरकवा. तिसऱ्या नकोच्या आत वाढलेलं असतं. पण बेकरीवाला पहिल्याच नकोला मान डोलवायचा आणि पाव जागेवर ठेवायचा. चिक्कू घरी येऊन कालचा शिळा पाव चहात बुडवायची आणि काकूला फोनवर सांगायची, की इथली माणसं भारी कंजूष, एकदाच विचारतात आणि उचलून ठेवतात, आग्रह म्हणून कसा तो ठाऊकच नाही. हे कोण म्हणतंय, तर चिक्कू.

वर्ष संपत आलं. एवढं सगळं करूनही डिपॉझिटला थोडे पैसे कमीच पडत होते, आणि शिंपी काकांकडे रोज टेप घेऊन खोली मोजायला येतोय असं काकूनं कळवलं होतं. चिक्कूची झोप उडाली. अशात शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. सुट्टीतला खास वर्ग आहे, म्हणाल्या, पगार वेगळा, तुम्ही घ्याल का? आकडा ऐकून चिक्कूला बाईंच्या टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. कमी पडत होते तेवढे सगळे भागून वर बाकांचेही पैसे निघत होते. आणि तिच्या तोंडून काय निघालं? नको, मी कशाला, दुसऱ्या कोणाला तरी द्या.

ठीक आहे, म्हणाल्या मोठ्या बाई, आणि दुसऱ्या फायलीकडे वळल्या.

जिना उतरताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला, की इथं पहिलं नको हेच शेवटचं. शिंपी वर चालला. जिभेला हाड नसतं हे खरं, पण इतकं? तोंडचा घास तिनं स्वतःच्या हातानं काढून परत वाढप्याला दिला होता. त्याच तंद्रीत ती बेकरीपाशी पोचली. बेकरीवाल्यानं पाव पुढे केला. सवयीनं केला, डोळे दुसरीकडेच.

"तुम्ही दुसऱ्यांदा का विचारत नाही?" चिक्कूनं भांडणाच्याच सुरात विचारलं.

बेकरीवाला गोंधळला. मग सावकाश, एकेक क्रियापद नीट लावत म्हणाला, "तुम्ही वर्षभर नको म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला माझा पाव आवडत नाही. मी बायकोला सांगितलं. आम्हाला वाईट वाटलं. तरी मी रोज विचारलं."

वर्षभर. हा बिचारा रोज रात्री बायकोजवळ खंत करत होता आणि ही काकूजवळ त्याला कंजूष म्हणत होती. चिक्कूला इतकं वाईट वाटलं आणि इतकं हसू आलं, की दोन्ही एकदमच बाहेर पडलं. तिनं त्याच्या हातातून पाव जवळजवळ हिसकावला. "मला हवाय," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून हवाय." हे म्हणायला किती सोपं होतं, आणि पाव किती मऊ होता. बेकरीवाल्यानं आतून बायकोला हाक मारली आणि दोघं तिला खाताना बघत उभी राहिली.

अर्धा पाव तोंडात, अर्धा हातात, अशी ती शाळेकडे पळत सुटली. मोठ्या बाई कोट चढवत होत्या.

"तो वर्ग मला हवाय," चिक्कू धापा टाकत म्हणाली.

"मग नको का म्हणालात?"

"तुम्ही एकदाच विचारलंत."

"किती वेळा विचारायचं असतं?"

"तीनदा."

मोठ्या बाईंनी तिच्या हनुवटीवरच्या चुऱ्याकडे आणि वर गेलेल्या डाव्या केसांकडे शांतपणे पाहिलं. माझी बस सुटेल, म्हणाल्या, म्हणून एकदाच विचारते. हवाय का? हवाय म्हटल्यावर त्यांनी दाराच्या चौकटीवरच कागद टेकवून सही घेतली. चिक्कूला तर त्यांचा मुकाच घ्यावासा वाटला.

सुट्टी संपली, पैसे हातात पडले. चिक्कूनं काकांना फोन लावला. डिपॉझिट जमलंय, उद्याच पाठवते, शिंप्याला टेप गुंडाळायला सांगा. काकांना भरून आलं. पोरगी एकटी, परक्या मुलुखात, आणि शब्दाला जागली. मग घरातला मोठा माणूस अशा वेळी जे म्हणतो तेच ते म्हणाले.

"अगं, डिपॉझिट कसलं? घरचीच पोर तू. राहू दे तुझ्याकडेच."

चिक्कूनं नीट ऐकून घेतलं. एकदा विचारलं गेलं होतं, आणि तिला हवं होतं.

"बरं काका," ती म्हणाली. "राहू देते. बाकं आणि फळा त्यातच होईल."

पलीकडे काकांच्या मागून काकूचं हसणं ऐकू यायला लागलं, आधी दबलेलं, मग खो खो. काकांनी दोनदा घसा खाकरला.

"चिक्कू," ते शेवटी म्हणाले, "एकदा तरी 'नाही काका, घ्याच' असं म्हणायचं असतं गं."

"म्हटलं असतं तर घेतले असते?"

काका म्हणाले, "तिसऱ्यांदा म्हणाली असतीस तर घेतले असते." आणि तेही हसायला लागले, आणि हसता हसताच त्यांनी विचारलं, की बाकं किती करायची, दुकानात सुतार समोरच उभा आहे.