बेगमचं झाकण

मी एक जुनी रिक्षा आहे, मित्रांनो. भूकंपाच्या वर्षी कोरी करकरीत लातुरात आले आणि आल्या आल्या जखमी माणसं दवाखान्यात नेऊ लागले. पुढे शहरात क्लासेसचं पेव फुटलं; मग दप्तरं घेतलेली पोरं माझ्यात कोंबली जाऊ लागली. माझे मालक जलीलचाचा मला कौतुकानं 'बेगम' म्हणत. पण टाकीचं झाकण हरवलं, तेव्हा याच बेगमच्या तोंडात त्यांनी फडक्याचा बोळा कोंबला. मला फार राग आला होता.

त्याच सुमारास पेट्रोलात उसाच्या मळीपासून केलेलं इथेनॉल मिसळू लागले. मला ते मानवलं. स्टँडवर मात्र सगळे नाकं मुरडत होते.

शिल्पाच्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा दिवस उजाडला. दोन वर्षं रोज माझ्यातून क्लासला जाणारी पोरगी ती! चाचांनी मला पाइपानं न्हाऊमाखू घातलं, आरशाला झेंडूची माळ बांधली. देवणीहून तिचे वडील आप्पासाहेबही आले होते. अर्ध्या वाटेत मी आचके दिले आणि बंद पडले. परीक्षेचं फाटक थोड्याच वेळात बंद होणार होतं. दुसरी रिक्षा दिसेना.

"त्या उसाच्या पाण्यानं घात केला!" चाचा किक मारत ओरडले.

आप्पासाहेबांनी ऊस लावलेला, ते भडकले. "उसाला नावं ठिवू नका, चाचा! मळी पहिलं वढ्यात सडायची, लई घाण सुटायची. आता तिचंच इंधन होऊन राहिलंय. तेलापायी देशाभाएर जाणारा पैसा शिवारात ऱ्हायला तर वाईट हाय का?"

"आन् ऊस पाणी किती पितो?"

"पितो, हाव. म्हणून तर मी ठिबक केलंय!"

"बाबा, भांडू नका!" शिल्पा रडकुंडीला आली होती. तिनं माझा बोळा उपसला. तो चिंब होता. "चाचा, गाडी धुतली का?"

"तुझ्या पेपरासाठीच तर धुतली, बेटा."

"इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. खालचं काढून टाका!"

चाचांनी टाकीखालची नळी सोडली. तळातलं गढूळ पाणी रस्त्यावर सांडलं. मग चाचा आणि आप्पासाहेबांनी मिळून मला ढकललं आणि मी जीव खाऊन धावले. फाटक ओढलं जात असतानाच शिल्पा आत शिरली.

चाचांनी तो बोळा हातात घेतला. "माझ्या हातून पोरीचं साल गेलं असतं," म्हणाले. आप्पासाहेब बाजारात गेले आणि माझ्यासाठी नवं झाकण घेऊन आले.

आज मी अंगणात गंजत उभी आहे. शिल्पा डॉक्टर झाली. मित्रांनो, शेतात दरसाल नव्यानं उगवणारं इंधन तुम्ही जरूर वापरा. पण त्याला दोष देण्याआधी आपलं झाकण तपासा. माझ्या टाकीत आता थेंबही नाही. तरी चाचा रोज संध्याकाळी येतात आणि झाकण घट्ट आहे ना, ते हातानं चाचपून बघतात.