आळ आला भुरीवर

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. माझा एक कोपरा उसवला आहे आणि मधला तांबडा रंग धुऊन धुऊन पार विटला आहे. आज जे सांगणार आहे, ते फार दिवस माझ्या मनात सलत होते.

एका विणकर बाईने मला उरल्यासुरल्या लोकरीतून विणले. तिचे हात भराभर चालत, पण एकही गाठ ती सैल सोडत नसे. तिच्याकडून मी पाळणाघरवाल्या काकूंकडे आलो. त्यांच्या पुढच्या खोलीत आठ मुले असत. ती माझ्यावर रांगली, धडपडली, दूध सांडून मोकळी झाली. "काकूंचा गालिचा म्हणजे गादीच!" असे त्यांच्या आया म्हणत, तेव्हा मला धन्य वाटे. खिडकीजवळच्या माझ्या काठावर काकूंची राखाडी मांजर भुरी मुटकुळे करून झोपे.

एका उन्हाळ्यात भुरी सारखी अंग खाजवू लागली. तिला पिसवा झाल्या होत्या. पिसवांची अंडी केसांना चिकटून राहत नाहीत. तिने खाजवले की ती घरंगळून माझ्या लोकरीत पडत. तिथे अळ्या निघाल्या, अळ्यांचे कोष झाले. मला सगळे कळत होते, पण गालिच्याला तोंड कुठले?

मग सर्वांत लहान बाळाच्या पोटऱ्यांवर लाल ठिपके उठले.

"काकू, राग मानू नका," त्याची आई म्हणाली, "पण उद्यापासून बाळाला नाही आणणार."

ती गेल्यावर काका, म्हणजे काकूंचे यजमान, कडाडले. "या मांजरीपायी पाळणाघर बंद पडेल!"

"अहो, मुकं जनावर ते. आधी डॉक्टरांना दाखवू या."

"डॉक्टर नको नि फिक्टर नको!"

त्यांनी भुरीला पिशवीत कोंबले आणि ते तिला पुलापलीकडच्या मासळी बाजारात सोडून आले. तिचे ओरडणे जिन्यावरून खाली जाईपर्यंत ऐकू येत होते. काकू माझ्यावर तशाच बसून राहिल्या.

दोन आठवडे गेले. पिसवा कमी तर झाल्या नाहीतच, उलट मांजर नाही म्हणून माणसांवर तुटून पडल्या. काकांचे घोटे खाजवून खाजवून सोलवटले. आणखी चार मुले यायची थांबली. शेवटी काकूंनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावले. बाईंनी पांढरे पायमोजे चढवले आणि त्या माझ्यावरून सावकाश चालल्या. पायमोज्यांवर काळे ठिपके टणाटण उडाले.

"मांजरीच्या अंगावर दिसतात त्या मूठभर," त्या म्हणाल्या. "बाकीचा सगळा गोतावळा इथं आहे, या गालिच्यात, फटींत, अंथरुणांत. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, काका."

काकांची मान खाली गेली. "मग आता काय करायचं?"

"कानाकोपरा रोज व्हॅक्यूम क्लीनरनं साफ करा. त्यातला कचरा लगेच घराबाहेर टाका. अंथरुणं गरम पाण्यात धुवा. दोन-तीन महिने हे सोडू नका, कोषांतून नव्या निघतच राहतात. आणि मांजरीला औषध तिच्या वजनाप्रमाणे, विचारूनच लावा. कुत्र्याचं औषध लावाल, तर जीव गमावेल बिचारी."

"मांजर आहे कुठं लावायला?" काकू म्हणाल्या आणि तोंड फिरवून आत गेल्या.

काका पाच दिवस बाजार पालथा घालत होते. सहाव्या दिवशी बर्फाच्या खोक्यांमागे त्यांना भुरी सापडली. स्वतःच्या सदऱ्यात गुंडाळून त्यांनी तिला आणले. तिची हाडे दिसत होती, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पिसवांनी तिचे रक्त शोषले होते. आठवडाभर ती जगते की जाते, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

इकडे मला कडकडीत गरम पाण्यात बुडवले, बडवले, उन्हात वाळत घातले. माझे रंग गेले, पण मी तक्रार केली नाही.

भुरी जगली. आता काकू रोज बारीक दातांच्या फणीने तिचे केस विंचरतात आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवतात. काका पाण्याचे भांडे धरून शेजारी बसतात. त्यांनी हात पुढे केला, की भुरी कपाटाखाली पळते. तरीही ते दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडे घेऊन बसतात.

मित्रांनो, घरातल्या मुक्या जिवाला काही झाले, तर त्याच्यावर उपचार करा आणि घरही स्वच्छ करा. त्याला घराबाहेर काढण्याआधी एकदा आपल्या पायाखालचा गालिचा उलटून पाहा. पिसवा दोन-तीन महिन्यांत जातात. मोडलेला विश्वास परत यायला किती दिवस लागतात, ते काका अजून मोजत आहेत.