धाकट्याच्या शब्दावर पडलेलं झाड

स्वयंपाकघरावर झुकलेलं ते वठलेलं झाड तोडून टाका, असं मी बाबांना दोन वर्षं सांगत होतो. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. धाकटा चार दिवसांसाठी घरी आला, जेवताना म्हणाला, "बाबा, हे एक दिवस छपरावर पडेल," आणि दुसऱ्या सकाळी कामगार करवत घेऊन दारात हजर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दोर मीच ओढून धरला, म्हणून झाड भिंत वाचवून अंगणात पडलं. बाबांनी थाप मारली ती धाकट्याच्या पाठीवर. "बरं झालं, वेळेवर बोललास."

"दादा कधीपासून सांगतोय ना?" धाकट्याने विचारलं.

"तो काय, रोजच सांगतो."

धाकटा हसला. मी सोललेले तळहात पाठीमागे लपवून आत गेलो.