तब्येत सुधारली

माझ्या आईला, जनीला, गोड आवडत नाही. सुकट, तांदळाची भाकरी आणि सोबत लाल मिरचीचा ठेचा मिळाला की तिचा सण साजरा. त्यामुळे गणपती उठल्यावर ती वजनकाट्यावर उभी राहिली आणि काटा पुढे सरकला, तेव्हा माझं डोकंच चालेना. ही बाई मोदकाला हात लावत नाही, मग हिच्या अंगावर चढतंय काय?

मला चौकशा करायची खोड आहे. माझा नवरा नितेश धाटावला कंपनीत आहे. तो म्हणतो, मृणाली, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. म्हणू दे. इथे प्रश्न आईच्या गुडघ्यांचा होता.

उभा जन्म पेणच्या खाडीकडच्या मिठागरात गेल्यावर गुडघे कुठून शाबूत राहणार? रोह्याला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. घर घेतल्यापासून आईने ते पाहिलेलंच नाही. फोनवर मात्र तिचं सुरू असतं, "तुज्या ओट्यावर ऊन येतं का गो? खिडकीतना काय दिसतं? भांडी कुठं लावलीस?" मी म्हणते, थांब, व्हिडिओ लावते. तर म्हणते, "फोनात कनाला बगू? पायांनी येन नि बगेन."

म्हणून श्रावणात तिला रोह्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ती एक्स-रेला आत गेली तेव्हा ते मला म्हणाले, "वजन जास्त आहे. आता गणपती, नवरात्र, दिवाळी लागोपाठ येतील. सणांत वाढू देऊ नका, थोडं उतरवाच. वाढलं तर ऑपरेशन पुढे जाईल." आई बाहेर आली तसे तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजी, तब्येत सुधारायची बरं का. तब्येत सुधारली की दिवाळीनंतर गुडघे करून टाकू."

आई खूश. मीही खूश. तिला गावी सोडताना शेजारच्या सीताबाईला मी बजावून आले, "काकी, आईच्या तब्येतीकडे लक्ष ठेवा."

"तू काय काळजी करू नको गो. आमी हाव ना," सीताबाई म्हणाली.

आणि तरीही गणपतीत वजन वाढलं. नवरात्रात आणखी वाढलं. आधी मी काट्यावरच संशय घेतला. दुकानातून आणलेली तांदळाची बंद पिशवी त्याच्यावर ठेवली, तर काटा अगदी बरोबर. मग वाटलं, थायरॉइड असेल. पेणला रक्त तपासलं, त्यातही काही नाही. फोनवर विचारलं, "आई, खातेस काय?" तर मोठ्या अभिमानाने म्हणाली, "पोटभर जेवते. तू बगच." मला वाटलं, भाकरीबद्दल बोलतेय.

एक गोष्ट मात्र खटकत होती. मी गावात पाऊल ठेवलं की बायका माझ्याकडे बघून हसायच्या. आळीतली पुतळी तर एकदा म्हणाली, "आता तुजी आय उडी मारंल उडी!" कसली उडी ते विचारलं, तर पदर तोंडाला लावून पळाली.

दिवाळीत मी न सांगताच गेले. मागच्या दाराने शिरले, कारण चोर पकडायचा तर पुढच्या दाराने जात नाहीत. पडवीत आई बसली होती. समोर फराळाची ताटं, एक सीताबाईचं, एक पुतळीचं, आणखी कुणाकुणाची. आईने डोळे मिटले, बेसनाचा लाडू तोंडात कोंबला आणि वरून घटाघट पाणी प्यायली. काढा पिताना करतात तसं तोंड. सीताबाई समोर उभी राहून तिला धीर देत होती, "अजून येक गो जने. थोडंच रायलंय. डोले मीट आनि गील."

"आई!" मी ओरडले.

दोघीही दचकल्या. आईच्या हातातली करंजी खाली पडली.

"काय चाललंय हे? डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला?"

"तेच तर करतेय!" आई उलट माझ्यावरच उखडली. "डाक्टर बोलला ना, तब्येत सुदारली की गुडगं करतो? मना काय गोड आवडतं? रोज गिलते. सगला गाव देतो बिचारा."

खाली पडलेली करंजी मी उचलून ताटात ठेवली. आमच्याकडे सासरहून आलेली पोर गुबगुबीत दिसली की बायका म्हणतात, तब्येत सुधारली. वाळलेली दिसली की म्हणतात, खराब झालीस गो. मी याच गावात वाढले, मला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! आणि मीच सीताबाईला तब्येतीकडे लक्ष ठेवायला सांगून गेले होते. बिचारीने ठेवलं की. वजन उतरवायचं हे डॉक्टर फक्त माझ्याशी बोलले होते, ते आईला वेगळं सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आधी मला हसू फुटलं, मग रडू आलं. माझ्या स्वयंपाकघरातलं ऊन बघायला आईने सणभर लाडू गिळले होते. सगळं समजावून सांगितल्यावर तिने ताट दूर सारलं.

"म्हंजे येवडं गोड मी उगाच गिललं?"

ऑपरेशन पुढे गेलं. डॉक्टर म्हणाले, शिमग्यानंतर या. परत येताना पेणला उतरल्यावर आई म्हणाली, "सीताबायला सांग, आता माजी तब्येत खराब करायची हाय."

गावाने हेही मनावर घेतलं. आईची सुकट-भाकरी परत आली, पण भाकरी अर्धीच. पुतळी तिला पाण्यात चालायला तळ्यावर नेऊ लागली. शिमग्याला सीताबाई पुरणपोळी घेऊन आली, ताट आईला लांबून दाखवलं आणि तशीच माघारी घेऊन गेली. येताजाता बायका हळहळायच्या, "जने, किती गो खराब झालीस!" आणि आई लाजून हसायची.

शिमगा झाल्यावर आम्ही पुन्हा रोह्याला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काय आजी, तब्येत कशी आहे?"

आईने मान ताठ केली. "खराब केली, डाक्टर. पार खराब केली."

डॉक्टर घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मी काट्याकडे बोट दाखवलं. आई त्याच्यावर चढली. त्यांनी वाकून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर आईने माझा हात धरला. "आता तरी नीट सांग गो, तुज्या ओट्यावर ऊन येतं का?"

इतकी वर्षं मी तिला सांगतच आले होते. या वेळी म्हटलं, "सांगणार नाही. येऊन बघ."